बिनतिकिटाची वाट

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात सोलांज देलब्रेयने मोंफोझेलचा किल्ला पाहुण्यासारखा हिंडून बघितला तो एकदाच, आणि तेवढ्यानेच तिचं डोकं फिरलं.

तिकीट फुकटचं होतं. तिची नात क्लेमाँस त्या उन्हाळ्यात किल्ल्याच्या तिकीटखिडकीवर बसत होती. तिनेच आणून दिलं. म्हणाली, "आजी, भिंतीला भिंत लावून राहतेस आणि आत काय काय केलंय ते बघितलं नाहीस. लोक बेल्जियमहून येतात!" म्हणून ऑगस्टातल्या एका दुपारी सोलांज चर्चला जायचा निळा झगा घालून वीस-पंचवीस पाहुण्यांच्या घोळक्यात उभी राहिली. मालक स्वतःच किल्ला दाखवायचे. तिबो लाकोसाद त्यांचं नाव. मूळचे बोर्दोचे. चार वर्षांपूर्वी त्यांनी हा किल्ला घेतला, तेव्हा त्याच्या छपरातून कबुतरं आत-बाहेर करत होती. खोटं कशाला बोला, छप्पर त्यांनी झकास केलं. स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी घासून लखलखीत केली, विहिरीवर नवा रहाट बसवला. सोलांज मनातल्या मनात दाद देत चालली होती.

अंगणाच्या टोकाला लिंडनच्या झाडांची दुहेरी रांग आहे. तिच्यामधून एक खोलगट वाट नदीकडे उतरते. तिथे लाल दोर बांधला होता. लाकोसाद दोराजवळ थांबले, आवाज जरा हळवा केला आणि म्हणाले, "ही काउंटेसची वाट. संध्याकाळी एकटीच ती इथून नदीपर्यंत फिरायला जाई. तिच्या पावलांनी ही जमीन अशी खोल झाली."

पाहुणे हळहळले. एका बाईने फोटो काढला.

"कोण काउंटेस?" सोलांज मागून म्हणाली. "ती तर गाडीशिवाय घराबाहेर पडायची नाही. ही वाट आमच्या हंसांनी खोल केलीय. दोनशे वर्षं हगत-हगत गेलेत ते इथून."

लोक हसले. लाकोसादही हसले. हसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "मादाम देलब्रेय आमच्या शेजारी," त्यांनी ओळख करून दिली. "या भागाचा चालता-बोलता ठेवा." सोलांजला कुणी ठेवा म्हटलेलं आवडलं नाही. पुरून ठेवतात त्याला ठेवा म्हणतात.

हंस म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर मानसरोवर येईल, तर ते पुसून टाका. लाबोरी म्हणजे सोलांजचा मळा, आणि तिथले हंस करड्या रंगाचे, आखूड पायांचे, ढुंगण हलवत चालणारे आणि अनोळखी माणसाच्या पोटरीचा चावा घेणारे. मळा टेकडीवर, नदीकाठचं कुरण खाली, आणि मधे आडवा पसरलेला किल्ला. किल्ल्याच्या अंगणातून गेलं तर कुरण पंधरा मिनिटांवर. डांबरी रस्त्याने गेलं तर चार किलोमीटरचा वळसा, आणि त्यावर दगडाच्या खाणीचे ट्रक. इतकी वर्षं ती हंसांना खटारा गाडीत कोंबून त्या वळशाने नेत होती. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिचं गाडी चालवणं बंद केलं. तेव्हापासून हंस मळ्याच्या आवारात चिखल तुडवत बसले होते, आणि अक्रोडाच्या झाडांखालचं ते हिरवंगार कुरण रिकामं पडलं होतं. लाकोसादनी ते दोनदा विकत मागितलं होतं. त्यांना तिथे पाहुण्यांच्या मोटारी लावायच्या होत्या.

त्या दुपारनंतर आठवड्याभरात लाबोरीच्या पत्रपेटीत एक जाड पाकीट आलं. आत एक सुंदर कार्ड. त्यावर सोनेरी अक्षरांत तिचं नाव. मादाम सोलांज देलब्रेय यांना मालकांच्या स्नेहापोटी किल्ल्याच्या आवारातून ये-जा करण्याची आजीवन मुभा, हंसांसकट. सोबत एक चिठ्ठी, की कार्ड मिळाल्याची पोच म्हणून खाली सही करून पाठवावी.

"हंसांसकट!" क्लेमाँस आनंदाने ओरडली. "बघ आजी, किती चांगला माणूस आहे!"

सोलांजने पेन उचललंही होतं. पण या भागातली माणसं कशावरही सही करायच्या आधी एक रात्र जाऊ देतात, आणि चांगल्या गोष्टीवर सही करायची असेल तर दोन. तिने कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस दोनदा कुरण मागतो आणि तिसऱ्यांदा त्याच कुरणाची वाट फुकट देतो? तिने कार्ड खिशात टाकलं, कपाटातल्या चादरींखालून घराची जुनी कागदपत्रं काढली आणि फोजेरच्या घरी गेली.

फोजेर म्हणजे गावचा म्हातारा नोटरी. दस्त करण्यात आयुष्य गेलेलं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी लोक अजून त्याला विचारल्याशिवाय कुंपण हलवत नसत. तो परसात शेंगा सोलत बसला होता. त्याने कार्ड वाचलं, परत वाचलं आणि शेंगांची पाटी बाजूला ठेवली.

"सही केलीस?"

"नाही."

"शाबास. केली असतीस तर मेली होतीस."

"अरे, पण वाट तर माझी आहेच ना? हा बघ दस्त. अठराशे तेवीसचा. काउंटला लिंडनची झाडं लावायला जागा हवी होती. ती फेर्नांच्या खापरपणजोबाने दिली आणि बदल्यात वाट घेतली. पायी, जनावरांसह, दिवसाच्या कुठल्याही वेळी." फेर्नां म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"वाट तुझी आहे. पण तीस वर्षं तिच्यावर पाय नाही पडला, तर ती मरते. कायदाच आहे तसा. तुमची शेवटची खेप कधी गेली?"

सोलांजने बोटांवर वर्षं मोजली. म्हातारी काउंटेस वारली तेव्हा तिच्या भाच्या-पुतण्यांनी भांडून किल्ल्याला कुलूप घातलं. फेर्नां तेव्हा म्हणाला होता, बघू पुढच्या वर्षी. मग त्याने ती खटारा गाडी घेतली, आणि पुढचं वर्ष काही आलं नाही. फेर्नां भला माणूस होता, पण आळशी. आता तो नव्हता म्हणून तिला त्याचा राग काढायलाही कुणी उरलं नव्हतं.

"पंचाण्णव साल असेल," ती म्हणाली.

कागद चाळता चाळता फोजेरच्या हाताला एक पत्र लागलं. काउंटेसच्या थरथरत्या अक्षरातलं. मस्यू देलब्रेय, काल तुमच्या हंसांनी पुन्हा माझ्या पायऱ्या घाण केल्या. तारीख, सत्तावीस सप्टेंबर एकोणीसशे पंचाण्णव. फोजेर इतका हसला की त्याला ठसका लागला.

"बाईने तक्रार केली म्हणून तुला पुरावा मिळाला! सव्वीसला हंस गेले होते. म्हणजे येत्या सप्टेंबरच्या सव्वीसला तीस वर्षं भरतात, तोपर्यंत तू जिवंत आहेस. या पत्राची नक्कल किल्ल्यातही असणार. तुझा स्नेही मालक तेच मोजत बसलाय."

"मग मी हे कार्ड घेऊन गेले तर? पाय तर माझेच पडणार."

"पाय तुझे, पण परवानगी त्याची. त्याच्या मेहेरबानीने गेलीस तर तुझा हक्क चालला नाही, त्याचा स्नेह चालला. सव्वीस उलटली की तो कार्ड परत मागेल. बोलावणं नको, तिकीट नको, कार्ड नको. हक्काने जा, आणि चार माणसांनी ते बघू दे. साक्षीदाराने हाताने लिहून द्यायचं, सही करायची, ओळखपत्राची नक्कल जोडायची. कागदाने वाट टिकत नाही, सोलांज. पायाने टिकते."

घरी येताना सोलांज हिशेब करत होती, माणसं सगळ्यात जास्त कधी असतात त्याचा. सप्टेंबरातल्या तिसऱ्या रविवारी देशातले सगळे जुने किल्ले, वाडे, मठ लोकांना उघडे असतात. त्या दिवशी मोंफोझेलला रांग लागते. तारीख येत होती एकवीस.

खरी लढाई मात्र त्याआधी घरातच झाली, सूप पिताना.

"आजी, त्या रविवारी खिडकीवर मी आहे," क्लेमाँस म्हणाली. "बिनतिकिटाचं कुणी आत आलं तर थांबवायचं काम माझं आहे. म्हणजे तुला मी थांबवायचं?"

"थांबव की. मी काय थांबणार आहे?"

"एक ऑक्टोबरपासून मला कायमचं घेणार आहेत. सबंध वर्षाची नोकरी. इथे, घराजवळ. माझ्या वर्गातली सगळी पोरं बोर्दोला नाहीतर पॅरिसला गेली. मला नाही जायचं. आणि तू त्याच माणसाच्या अंगणात त्याचं नाक कापायला निघालीस!"

सोलांजने काही बोलण्याआधी तळाशी उरलेल्या सुपात लाल वाईन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावून रिकामा केला. तिच्या सासूने, सासूच्या सासूने, सगळ्यांनी जेवण असंच संपवलेलं. क्लेमाँसला ते गावंढळ वाटायचं.

"कुरण गेलं तर हंस गेले," ती म्हणाली. "हंस गेले तर लाबोरी गेली. मग तू कुठल्या घराजवळची नोकरी करणार?"

"अगं, पण तो देतोय ना जायला! आयुष्यभर!"

"माझ्या आयुष्यभर. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला आजीवन देणं म्हणजे जत्रा संपताना फुगा देणं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही गं, काळ सोकावतो. आज वाट, उद्या कुरण, परवा लाबोरीत त्याचे पाहुणे उतरतील आणि माझ्या चुलीजवळ दोर बांधून कुणीतरी सांगेल, इथे काउंटेस सूप प्यायची."

क्लेमाँसला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. ती ताट तसंच टाकून उठली. "मी तुझ्याकडे तिकीट मागणार," दारातून ती म्हणाली. "सगळ्यांसमोर मागणार. सांगून ठेवते."

"माग. खणखणीत आवाजात माग."

रविवार स्वच्छ उजाडला. दहाच्या सुमारास सोलांजने तेवीस हंस बाहेर काढले. सगळ्यात पुढे असायचा त्यांचा म्होरक्या, ज्याला ती बिशप म्हणायची, कारण छाती पुढे काढून चालण्यात त्या नराची बरोबरी खऱ्या बिशपलाही जमली नसती. हंस वर्षभर आवारात कोंडलेले. फाटक उघडताच त्यांनी असा गलका केला की खालच्या रांगेतली माणसं वर बघायला लागली.

निळा झगा, रबरी बूट, हातात हेझलची काठी. सोलांज रांगेच्या बाजूने सरळ किल्ल्याच्या मोठ्या दारात आली. अंगणात दोनशेच्या वर माणसं असतील. विहिरीजवळच्या खुर्चीवर फोजेर पाय पसरून बसला होता. कोऱ्या कागदांचा गठ्ठा मांडीवर, खिशात पाच-सहा पेनं. त्याने मात्र रीतसर तिकीट काढलं होतं. तो तर पाहुणाच होता.

क्लेमाँस खिडकीतून उठून उभी राहिली.

"मादाम, तुमचं तिकीट?"

"नाही."

"मग तिकिटाशिवाय... तिकिटाशिवाय आत जाता येणार नाही."

"मी आत येत नाहीये, पोरी. मी इथून पलीकडे जातेय," सोलांज म्हणाली आणि हंसांना चुचकारलं.

लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की आता मालक धावत येतील, ओरडतील, पोलीस बोलावतील. सोलांजचीही तीच आशा होती. पण लाकोसाद असे सहजासहजी हाती लागणारे नव्हते. ते पायऱ्यांवर आले, हातात ध्वनिक्षेपक, चेहऱ्यावर सूर्य उगवलेला.

"सभ्य स्त्री-पुरुषहो, आजच्या दिवसाचं खास आकर्षण! माझ्या निमंत्रणाला मान देऊन आपल्या शेजारीण मादाम देलब्रेय जुन्या काळासारखे हंस घेऊन आल्या आहेत. जोरदार टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलं पुढे धावली. सोलांज जागच्या जागी थांबली. माणसाने शिवी दिली तर तिला उत्तर होतं. टाळ्यांना काय उत्तर देणार? आता एक पाऊल जरी पुढे टाकलं तरी ते निमंत्रणाचं पाऊल होणार होतं, आणि याला दोनशे साक्षीदार. तिने फोजेरकडे बघितलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

तिने काठी आडवी धरली आणि सगळे तेवीस हंस फिरवले. दाराबाहेर नेले. रांगेतल्या लोकांनी विचारलं, झालं एवढ्यात? ती म्हणाली, "नाही. मला कुणी बोलावलं म्हणे. म्हणून परत आले. आता बोलावल्याशिवाय जाते."

आणि ती पुन्हा आत शिरली.

"पुन्हा एकदा स्वागत!" लाकोसाद म्हणाले.

ती पुन्हा बाहेर.

तिसऱ्यांदा आली तेव्हा अंगण शांत झालं होतं. इथे काहीतरी खेळापलीकडचं चाललंय एवढं लोकांना कळलं होतं. सोलांजचे गुडघे दुखत होते, हंस वैतागले होते, बिशपने एका डच गृहस्थाची पँट धरली होती. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि झग्याच्या खिशातून दस्त काढून वाचायला लागली. चष्मा असूनही अक्षरं तिला दिसत नव्हती. तिने पाठ केलं होतं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मस्यू लाकोसाद, मला तुमचं निमंत्रण नको. तुमचं कार्ड हे घ्या." तिने सोनेरी कार्ड दगडी फरशीवर ठेवलं. एका हंसिणीने लगेच त्याची चव घेतली.

"मादाम, हे घर तुमचंच आहे," लाकोसाद हसून म्हणाले. "तुम्हाला कधी नाही म्हटलंय का? मी नाही म्हणणारच नाही."

"मग माझं उत्तरही ऐका. तुमच्या हो म्हणण्यावाचून माझं काहीही अडलेलं नाही."

तिने हंस हाकले. लोकांनी आपणहून वाट दिली. लिंडनच्या झाडांखाली पोचली तेव्हा तिला दिसलं, दोराच्या आत लांबलचक टेबलं मांडलेली. पांढरी कापडं, चांदीच्या तबकांत अक्रोडाचे केक, किल्ल्याला देणग्या देणाऱ्या बड्या मंडळींच्या दुपारच्या जेवणासाठी. वाटेच्या नेमकं मधोमध. तिच्या वाटेच्या मधोमध, जिच्यावर दोनशे वर्षांत कुणी तिपाईसुद्धा ठेवली नव्हती. आता तिचं मस्तक खरोखर तापलं. तिने काठीने लाल दोर उचलला आणि अलगद खांबावरून काढला.

पुढचं सगळं हंसांनी केलं. वर्षभर मक्याचे दाणे खाणाऱ्या जनावराला अक्रोडाचा केक दिसल्यावर काय होतं ते सांगायला नको. बिशप टेबलावर चढला. त्याच्या मागोमाग सात-आठ जण. तबकं घरंगळली, पांढऱ्या कापडावर हिरवट पावलं उमटली, आणि पावलांच्या जोडीला जे उमटायचं तेही उमटलं.

लाकोसादांच्या हातातून ध्वनिक्षेपक निसटला. "बाहेर!" ते ओरडले, आणि ध्वनिक्षेपकाशिवायही ते नदीपर्यंत ऐकू गेलं. "बाहेर व्हा! कुणाच्या परवानगीने घुसलात तुम्ही इथे? कुणाच्या परवानगीने?"

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. सोलांज वळली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

"कुणाच्याही नाही," ती सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाली. "ऐकलंत ना हो सगळ्यांनी? मी कुणाच्याही परवानगीने आलेली नाही. मालक नको म्हणतायत आणि मी चाललेय. लिहा."

फोजेर कागद वाटायला लागला. आधी दोन बायका पुढे आल्या, मग तो डच गृहस्थ, फाटकी पँट सावरत. मग रांगच लागली. माणसं विहिरीच्या कठड्यावर, एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून लिहीत होती. कुणीतरी विचारलं, हंस तेवीस लिहू की चोवीस?

सोलांज मात्र त्या गर्दीत रमली नाही. अर्धी चाललेली वाट ही न चालल्यासारखीच. तिने बिशपला बखोटीला धरून टेबलावरून उतरवलं आणि बाकीच्यांना घेऊन खोलगट वाटेने खाली उतरली. झाडं संपली तिथे भिंतीतलं छोटं फाटक. फाटकाला नवीन कुलूप. पलीकडे कुरण, ऊन पडलेलं, आणि त्यापलीकडे नदी. हंसांनी पाणी बघितलं आणि माना लांब करून आक्रोश मांडला.

तिने कुलूप हलवून बघितलं. काठी त्यात अडकवून पीळ दिला, तर काठीच वाकली. मागून लाकोसाद येत होते, आता अगदी शांत, रुमालाने कपाळ पुसत. त्यांच्या मागे निम्मं अंगण.

"या कुलपाच्या किल्ल्या कार्यालयात आहेत, मादाम," ते म्हणाले. "कार्यालय आज बंद. तुम्ही माझ्या अंगणात फेरफटका मारलात, एवढंच. पलीकडे गेला नाहीत."

सोलांजने त्यांच्याकडे पाठ केली. तिला रडू येत होतं, आणि या माणसासमोर रडण्यापेक्षा तिने भिंतीवरून उडी मारणं पत्करलं असतं. भिंत तिच्या डोक्याइतकी उंच होती. तिने एक दगड पुढे ओढला, त्यावर पाय ठेवला आणि दोन्ही हात भिंतीवर टाकले. बूट घसरला. तिने पुन्हा ठेवला.

"आजी, उतर खाली. पडशील."

गर्दीतून क्लेमाँस आली. छातीवर अजून किल्ल्याचा बिल्ला, आणि हातात तिकीटखिडकीच्या खणातला किल्ल्यांचा सबंध जुडगा. ती कुणाकडेही न बघता फाटकाशी गेली. पहिली किल्ली लागली नाही. दुसरीही लागली नाही.

"मादम्वाझेल," लाकोसाद हळूच म्हणाले, "ते कुलूप उघडलंत तर एक ऑक्टोबरला यायचे कष्ट घेऊ नका."

तिसरी किल्ली फिरली. क्लेमाँसने कुलूप काढलं, जुडगा त्यात अडकवला, छातीवरचा बिल्लाही त्याच्याचबरोबर लटकवला आणि ते सगळं लाकोसादांच्या हातात ठेवलं. मग तिने फाटक ढकललं. बिजागऱ्या तीस वर्षांत हलल्या नव्हत्या. तिला खांदा लावावा लागला. हंस तिच्या पायांमधून, अंगावरून, पंख फडफडवत बाहेर उसळले आणि उतारावरून नदीकडे पळत सुटले. सोलांज दगडावरून उतरली आणि त्यांच्यामागे गेली. कुरणाच्या गवतात तिने दोन्ही पाय रोवले आणि मग वळून बघितलं.

लाकोसाद फाटकाच्या आतच उभे होते. ते वाईट माणूस नव्हते, आणि हरलेला खेळ त्यांना ओळखू यायचा. पण शेवटचा शब्द दुसऱ्याला देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"मानलं, मादाम, आजची खेप तुमची," ते म्हणाले. "आता पुन्हा तीस वर्षं. माझी घाई नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. आम्ही थांबू. तुम्ही किती थांबाल?"

ते खरंच होतं, आणि खरं असल्यामुळेच लागणारं होतं.

क्लेमाँस फाटकाच्या उंबऱ्यावर होती, केसांत हंसाचं पीस अडकलेलं, एक बाही फाटलेली. नोकरी जाऊन तिला पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती.

"मी बावीस वर्षांची आहे, मस्यू लाकोसाद," ती म्हणाली. "आणि आता सकाळचा मला वेळही असतो. उद्या सातला येते, तेवीसच्या तेवीस घेऊन. ती टेबलं तेवढी वाटेतून उचलून ठेवा."